पूर्व, मुख्य आणि पिच

तरुणांसाठी माहितीपट करायचा असेल, तर तो आधी चाळिशी ओलांडलेल्या पाच-सहा माणसांना आवडावा लागतो. ही माणसे वातानुकूलित खोलीत लांबलचक टेबलापलीकडे बसलेली असतात, त्यांच्यासमोर बिस्किटांची बशी असते आणि आपल्या हातात ७ मिनिटे असतात. तेवढ्या वेळात विषय, पात्रे, खर्च आणि 'आजच्या तरुणाला यातून काय मिळणार' हे सारे सांगून, मध्येच ट्रेलर दाखवून, हसतमुखाने खाली बसायचे, या विधीला आमच्या व्यवसायात 'पिच करणे' म्हणतात. क्रिकेटमध्ये हरलेल्या कर्णधाराला निदान खेळपट्टीला बोल लावता येतो. आमच्याकडे खेळपट्टीही आपणच, चेंडूही आपणच आणि त्रिफळाही आपलाच उडतो.

मी ४६ वर्षांची आहे. माझ्या आईच्या लेखी माहितीपट म्हणजे चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी सक्तीने लागणारी आणि बाहेर जाऊन वेफर्स आणायला सवड देणारी गोष्ट. १९४८ साली स्थापन झालेल्या, सरकारी माहितीपट काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनचे ते वैभवाचे दिवस होते. 'युवा प्रेक्षकांना कसे खिळवून ठेवणार' हा प्रश्न त्या काळी कोणी विचारत नसे, कारण प्रेक्षक मुख्य चित्रपटाचे तिकीट काढून आधीच खुर्चीत बसलेला असे आणि जाऊन जाऊन वेफर्सपर्यंतच जाई. आज त्याच प्रेक्षकाची नातवंडे अंगठ्याच्या एका हालचालीने मला, माझ्या विषयाला आणि माझ्या ध्वनिमुद्रकाने रात्र जागून टिपलेल्या पावसाच्या आवाजाला कायमचे वर ढकलून देतात.

माझा विषय तसा घराजवळचा आहे. पुण्यात सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर घेतलेल्या एका खोलीत, राज्यसेवेची तयारी करणाऱ्या चार मुली राहतात. सकाळी सातला त्या अभ्यासिकेत शिरतात. तिथे प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेल्या खणांत प्रत्येकीची हक्काची जागा आहे, समोर महाराष्ट्राचा नकाशा चिकटवलेला आहे, खुर्चीवर घरून आणलेली उशी आहे आणि भिंतीवर 'कुजबुजही करू नये' अशी पाटी आहे. मेसला जेवून येण्याचा वेळ वगळला तर त्या रात्री दहाला उठतात. त्यांच्यासोबत मी दीड वर्ष काढले आहे आणि माझ्याकडे जवळजवळ ६० तासांचे चित्रीकरण जमले आहे. त्यातले ४१ तास त्या पाने उलटत आहेत, हे मी पिच करताना सांगत नाही.

पिचसाठी आधी 'डेक' लागतो. डेक म्हणजे अहवालच, पण चित्रे मोठी आणि अक्षरे इतकी थोडी की वाचणाऱ्याला काही वाचल्याचा त्रास होऊ नये. मराठी मुलींवर, मराठी तरुणांसाठी, मराठीतून करायच्या माहितीपटाचा डेक अर्थातच इंग्रजीत असावा लागतो. अभ्यासिकेचे मी भाषांतर केले तेव्हा एका निवड समितीने ते वाचनालय समजून 'लोप पावत चाललेली वाचनसंस्कृती' या विषयाबद्दल माझे अभिनंदन केले. कॉट बेसिसचे भाषांतर करण्याचा नाद मी सोडला आहे. खाटेच्या हिशेबाने भाड्याने मिळणारे आयुष्य परक्या भाषेत सांगू गेले की ते इस्पितळ तरी वाटते, नाही तर तुरुंग.

शिवाय 'लॉगलाइन' लागते, म्हणजे अख्ख्या माहितीपटाचे एका वाक्यातले सार. माझी पहिली लॉगलाइन ५३ शब्दांची होती आणि तिच्यात दोन अर्धविराम होते. माझा वीस वर्षांचा भाचा हा माझा एकमेव युवा सल्लागार आहे, आणि त्याचे मानधन मिसळीच्या रूपात द्यावे लागते. ती वाचून तो म्हणाला, "मावशी, ही लाइन नाही, लोकल आहे. मधल्या स्टेशनांवर लोक उतरतायत."

पहिली मोठी बैठक एका प्रसारण मंचाच्या अधिकारी बाईंशी, संगणकाच्या पडद्यावर झाली. त्यांचा कॅमेरा बंद होता, त्यामुळे मी अर्धा तास एका इंग्रजी आद्याक्षराशी बोलत होते. त्या अक्षराने मला समजावले की १८ ते २४ या वयोगटाचे लक्ष फक्त ८ सेकंद टिकते, आणि म्हणून पहिल्या ३ सेकंदांत 'हुक' हवा. मी विनयाने म्हणाले की माझ्या चारही नायिका याच वयोगटातल्या असून त्यांचे लक्ष पंचायत राज या एका प्रकरणावर सलग पाच तास टिकल्याचे पुरावे माझ्याकडे आहेत. "अहो, तेच तर!" अक्षर उद्गारले. "बसलेल्या माणसाकडे बसलेला माणूस का बघेल?"

प्रामाणिकपणे सांगायचे तर बाईंच्या बोलण्यात तथ्य होते. पान उलटणे ही क्रिया कितीही जवळून टिपली तरी ती पान उलटणेच राहते. तरीही त्या ८ सेकंदांचा राग माझ्या मनातून गेला नाही, कारण त्याच आठवड्यात माझा भाचा एका हरलेल्या कसोटी सामन्याची चिकित्सा करणारा पावणेतीन तासांचा व्हिडिओ, कपड्यांच्या घड्या न घालता, संपूर्ण बघत होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, "दीडपट वेगानं बघतोय ना." माझे ६० तासही दीडपट वेगाने ४० च होतात, असे मी त्याला सांगितले. त्याने मिसळीची आठवण करून दिली.

अक्षराने पुढे विचारले की विषयात एखादा खून आहे का. नव्हता. एखादा बेपत्ता विद्यार्थी, निदान एखादा संशयास्पद मेसमालक? आमचे मेसमालक आमटीच्या बाबतीत संशयास्पद आहेत, पण ते प्रकरण पाण्याच्या प्रमाणापुरते आहे. २०२३ साली तमिळनाडूतल्या हत्तीच्या पिल्लांवरच्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या जोडप्यावरच्या भारतीय लघुमाहितीपटाला ऑस्कर मिळाल्यापासून बिगरगुन्हेगारी विषयांना 'हत्तीसारखे काही' आहे का असेही विचारले जाते. सदाशिव पेठेत एवढी जागा असती तर कॉट बेसिस निघालेच नसते.

परीक्षेतल्या यशावर कॅमेरा रोखण्याची कल्पना काही माझी नव्हे. केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले रघुनाथ परांजपे १९०१ साली मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत झालेल्या त्यांच्या स्वागताचे चित्रीकरण सावेदादा भाटवडेकरांनी केले होते. परांजपे त्या वेळी पंचविशीत होते, म्हणजे विषय, वय आणि परीक्षा तिन्ही जुळतात. हा दाखला मी एका पिचमध्ये मोठ्या आशेने दिला. टेबलापलीकडून लगेच प्रश्न आला, "म्हणजे तुमची नायिकाही शेवटी पहिली येणार ना?" मी म्हणाले, ते आयोग ठरवेल. समितीतल्या एका गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिले आणि पेन बंद केले. सावेदादांचा शहाणपणा माझ्या तेव्हा ध्यानात आला: त्यांनी कॅमेरा निकालानंतर काढला होता.

दादासाहेब फाळक्यांचीही मला अशा वेळी फार आठवण येते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, पण त्याआधी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे दिवसेंदिवस थोडेथोडे चित्रीकरण केले, आणि रोप झरझर वर येताना दाखवले. आपल्याकडचा तो आद्य पिच-ट्रेलर म्हणायला हरकत नाही. आज तो घेऊन दादासाहेब आमच्या टेबलासमोर उभे राहिले असते, तर वाटाण्याचा संघर्ष नेमका कोणाशी आहे, कुंडीमुळे विषय फारच स्थानिक होत नाही का, आणि वाटाण्याऐवजी तरुणांच्या ओळखीचा एखादा इन्फ्लुएन्सर पेरता येईल का, असे त्यांना विचारले गेले असते. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसा उभा केला होता. माझ्या पॉलिसीचे हप्ते थकलेले असल्यामुळे तोही मार्ग बंद आहे.

माझ्या डेकमधले सर्वांत लज्जास्पद पान वेळापत्रकाचे आहे. 'चित्रीकरण कधी पूर्ण होणार' या रकान्यात इतर दिग्दर्शक तारीख लिहितात. मी 'परीक्षा होईल तेव्हा' असे लिहिते. करोनाच्या काळात, १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुले रस्त्यात बसली, हे मी पुराव्यादाखल सांगते. त्यावर 'अरे वा, मग तो प्रसंग आहे का तुमच्याकडे?' असे विचारले जाते. नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या एका समितीसाठी दुसऱ्या एका विषयाचा डेक तयार करत होते.

सहाव्या पिचनंतर मला पैसे मिळाले नाहीत, 'अभिप्राय' मिळाले. एकाने विषय अधिक जागतिक करा म्हटले, शेजारच्याने अधिक मातीतला. लांबी ९० मिनिटे ठेवा आणि ती उभ्या पडद्यावर ३० सेकंदांत मावेल असेही बघा. संध्याकाळच्या गाडीने मी पुण्याला परतले आणि सवयीने अभ्यासिकेच्या खाली चहाच्या टपरीवर गेले. चौघींपैकी परभणीची मुलगी तिथे उभी होती.

"मॅडम, लागला का निकाल?" तिने विचारले.

"पूर्व निघाली. मुख्यला अडकले."

"कितवा अटेम्प्ट?"

"सहावा."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने गेले दीड वर्ष मी तिच्याकडे पाहत होते, आणि ती अंगावर आल्यावर कशी लागते हे मला त्या क्षणी कळले. "वयोमर्यादा किती हाय तुमच्यात?" तिने काळजीने विचारले. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गात ३८ आहे. आमच्यात मर्यादाच नाही, असे मी सांगितले.

"मर्यादाच नाही?" ती हळहळली. "मग तर लई अवघड झालं, मॅडम. माणसाला थांबता कसं येणार?" मग तिने दोन चहा सांगितले, पैसे स्वतः दिले आणि माझा डेक मागून घेतला. कठड्यावर बसून तिने तो पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, बोट ठेवून, अवांतर न बोलता वाचला. मी घड्याळ लावले होते. २२ मिनिटे लागली.

"चांगलाय," ती म्हणाली. "फक्त पान सातवर विधानसभेच्या जागा २८९ लिहिल्यात. २८८ हायेत."