आशाताईची पिशवी

धाकटी बहीण बाळंत होऊन घरी आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच गावची आशाताई दारात हजर. साबणानं हात धुतले, पिशवीतून झोळीचा वजनकाटा काढला. बाळ झोळीत घालून उचललं तशी आईनं घाबरून खाली दोन्ही हात धरले. मग बाळाचं दुपटं बाजूला सारून ताई घड्याळाकडे बघत मिनिटभर श्वास मोजत बसली. तेवढा वेळ घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

मला तेव्हा डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग आठवले. अमेरिकेत शिकून हे जोडपं आमच्या गडचिरोलीत आलं, १९८६ पासून इथलंच झालं. लोक त्यांना देवमाणूस म्हणून हात जोडतात. मीही जोडतो. पण तेवढ्यावर थांबलो, तर त्यांनी केलेलं सगळ्यात अवघड काम नजरेतून सुटतं. डॉक्टरच्या हातातली विद्या त्यांनी गावातल्या बायांच्या हाती दिली.

न्यूमोनिया ओळखायचा तर लेकराचे श्वास मोजावे लागतात. सुईणींना बाराच्या पुढं मोजता येईना. म्हणून बंग जोडप्याच्या 'सर्च' या संस्थेत मण्यांचं एक साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. सोबत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. वाळू सरायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजायचा. अडाणी म्हणून ज्यांना आपण बाजूला बसवतो, त्यांच्यासाठी इतका विचार कोण करतं हो?

पुढं ३९ गावांत आरोग्यदूत घडल्या. जंतुदोष झालेल्या तान्ह्या बाळाला इंजेक्शनसुद्धा त्याच देत. तेव्हा हे अनेकांच्या पचनी पडलं नव्हतं. पण हजार जन्मांमागे ६२ नवजात दगावत होते, ते तीन वर्षांत २५ वर आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. २०११ पासून देशभरातल्या आशा घरोघर जाऊन बाळं तपासतात, त्याचं मूळ आमच्या या गावांत आहे.

२०१८ साली दोघांना पद्मश्री मिळाली तेव्हा ऊर भरून आला होता. आणि आज त्याच वाटेनं चालणाऱ्या आमच्या ताईचं मानधन महिनोन्‌महिने थकलेलं असतं. याचा मला राग येतो. डॉक्टरांचे सत्कार जरूर करा, पण या बाईचे हक्काचे पैसे वेळेवर द्या.

चहा घेऊन ताई उठली. "सातव्या दिवशी येतो जी. तोवर पोट्ट्याले उघडं नका ठेवू," म्हणाली आणि सायकल काढून पुढच्या घरी गेली.