सहाशेचं सामान आणि मागचा स्क्रू

नमस्कार काका,

(वयाचा उल्लेख तुम्हीच केलात, म्हणून काका म्हणतोय.)

रायफल सुधारण्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा चहा घेऊन. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देतो. पिंपरीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या काकांचं म्हणणं असं: मी साडेपाचशे डॉलरची कारखान्यातली बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली आणि तिच्यावर सहाशेचं सामान चढवलं. स्टॉक (रायफलीचा हातात आणि खांद्याला धरायचा सांगाडा), बेडिंग (धातूचा भाग स्टॉकमध्ये घट्ट बसावा म्हणून भरलेली इपॉक्सीची बैठक), ट्रिगर सगळं एकदम बदललं, त्यामुळे कशाने काय झालं ते मलाच ठाऊक नाही. तीन गोळ्यांचा ग्रुप दाखवून '०.६ इंच' म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक. गालाखालची वर-खाली होणारी पट्टी म्हणजे नखरे. खरं काम बॅरलचं, तिला हातच लावला नाही. आणि हे सगळं वाचून तिकडच्या पोरांच्या डोक्यात खूळ शिरेल.

तीन गोळ्यांचं आधी घेतो, कारण तिथे मला बोलायला तोंड नाही. ग्रुप म्हणजे कागदावरच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर. तीच रायफल, तोच माणूस, त्याच खोक्यातली काडतुसं. तरी तीनऐवजी पाच गोळ्या मारल्या की सरासरी ग्रुप सव्वापट होतो, दहा मारल्या की दीडपटीच्याही वर जातो. रायफल तीच असते, फक्त तीन गोळ्यांना पसरायला पुरेशी संधी मिळालेली नसते. वर त्या दिवशी मी पाच ग्रुप मारले होते आणि फोटो त्यातल्या सगळ्यात देखण्या ग्रुपचा टाकला होता. हे तेव्हा लिहिलं नाही, आता लिहितो.

तुमच्या प्रतिक्रियेनंतरच्या शनिवारी कारखान्याचा प्लास्टिकचा स्टॉक माळ्यावरून काढून परत बसवला. ट्रिगर नवाच ठेवला. १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप मारले: २.१ इंच आणि १.९ इंच. मग नवा, बेडिंग केलेला स्टॉक चढवून तसेच दोन: १.३ आणि १.४. नवीन ट्रिगर दोन्हीकडे होता आणि जुन्या स्टॉकमधला ग्रुप जवळपास माझ्या अगदी सुरुवातीच्या ग्रुपइतकाच आला. म्हणजे ट्रिगरचे दीडशे डॉलर बोटाच्या सुखासाठी गेले. ओढायला पाच पौंडांचा जोर लागणारा चाप अडीच पौंडांवर आला, ओढायला छान वाटतं, कागदाला त्याचा पत्ता नाही. स्टॉक आणि बेडिंग यांत श्रेय कुणाचं किती, ते मात्र आता वेगळं काढता येणार नाही. नवा स्टॉक बेडिंग न करता एकदाही चालवला नव्हता. एका वेळी एकच बदल करायचा, हे तुम्ही शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगत असाल.

पण जुन्या स्टॉकचं काय चुकत होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते तुम्हाला आवडेल. बॅरल आणि स्टॉकचा पुढचा भाग यांच्यामध्ये डॉलरची नोट सरकवून बघतात. टेबलावर नोट बॅरलखालून सर्रकन ॲक्शनपर्यंत, म्हणजे बॅरल ज्यात बसते त्या मधल्या धातूच्या भागापर्यंत गेली. म्हटलं, छान, बॅरल मोकळी आहे. मग रायफल बायपॉडवर, म्हणजे पुढच्या दोन पायांच्या टेकूवर उभी केली, नेम धरताना टेकतो तसा थोडा भार दिला आणि बायकोला नोट सरकवायला सांगितली. नोट मध्येच अडकली. भार डावीकडे झुकवला की डाव्या बाजूला अडकते, उजवीकडे झुकवला की उजव्या. प्लास्टिक इतकं लवचीक की प्रत्येक गोळीला बॅरलवर वेगळा दाब. गोळी सुटताना बॅरल थरथरते, आणि तिला दर वेळी वेगळ्या ठिकाणी कुणीतरी बोट लावतंय असं समजा.

आता बॅरल का बदलली नाही. माझी रायफल ७०० च्या पद्धतीची आहे. रेमिंग्टनचं १९६२ चं मॉडेल ७०० इतकं रुळलं की इतर कंपन्याही त्याच मापाची ॲक्शन बनवतात, त्यामुळे स्टॉक आणि ट्रिगर बाजारात हवे तितके मिळतात. पण या पद्धतीत बॅरलला खांदा असतो आणि तो ॲक्शनवर घट्ट टेकतो. नवी बॅरल बसवायची तर चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) आणि खांदा लेथवर जुळवावा लागतो. सॅव्हेज कंपनीच्या ११० रायफलीत, १९५८ पासून, बॅरलवर वेगळा नट असतो. गेज (काडतुसाच्या आकाराचा मापाचा तुकडा) घालायचा, बॅरल टेकेपर्यंत फिरवायची, नट आवळायचा. ते घरी करणारे पुष्कळ आहेत. माझ्या .३०८ विंचेस्टर काडतुसाचा 'गो' गेज १.६३० इंचांचा आणि 'नो-गो' १.६३४ चा. मधे चार थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.१ मिलिमीटर. ही हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपासून काडतूस चेंबरमध्ये टेकतं तिथपर्यंतचं अंतर, चुकली तर काडतुसाचं पितळी कवच तोंडासमोर फुटू शकतं. लेथ नाही, पहिलंच काम, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. यात तुमच्याकडून शाबासकीची अपेक्षा होती, खरं सांगतो.

ट्रिगरबद्दल तुमची भीती रास्त आहे. म्हणून जुना ट्रिगर उघडून कानस लावायचा उद्योग केला नाही. तयार, बंद डबीचा ट्रिगर घेतला, तो दोन पिनांवर बसतो. मग रिकाम्या रायफलीवर तपासणी: बोल्ट जोरात आपटून बंद करायचा, सेफ्टी लावून चाप ओढायचा, सोडायचा, सेफ्टी काढायची, दस्ता रबराच्या चटईवर ठोकायचा. दर वेळी फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी) जागेवर राहिली पाहिजे. पन्नास वेळा केलं. कारखान्यातही चुका होतात. रेमिंग्टनने २०१४ मध्ये आपले एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले होते.

नखऱ्यांवर मात्र ऐकून घेणार नाही. माझी उंची पाच फूट पाच इंच. कारखान्याच्या स्टॉकमध्ये दस्त्याच्या टोकापासून ट्रिगरपर्यंत साडेतेरा इंच, आणि स्कोपमधून बघायला मान उचलून हनुवटी टेकवावी लागायची. आता अंतर साडेबारा आहे आणि गाल पट्टीवर पूर्ण टेकतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं, त्याच्या रायफलीचा फोटो मोठा करून बघा. दस्ता, गालाची पट्टी, सगळं शरीराच्या मापाने हलवता येतं. तिथे कुणी नखरे म्हणत नाही.

इकडच्या-तिकडच्या पोरांचं: मी ओहायोत राहतो, ग्रीन कार्ड आल्यावर ही घेतली. इथे हरणाच्या शिकारीलासुद्धा ही चालत नाही, त्यासाठी सरळ भिंतीचं काडतूस लागतं आणि .३०८ ला पुढे निमुळती मान असते. म्हणजे शत्रू फक्त कागद. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्र दुरुस्त करायला किंवा त्यात बदल करायलाही परवाना लागतो. तिकडे गॅरेजमध्ये असलं काही करू नये, एवढं स्पष्ट लिहितो.

बेडिंगमधली फजिती मूळ लेखात लपवली होती, तीही घ्या. ॲक्शनच्या पोटाखाली रिकॉइल लगचा दात असतो, धक्का तो पेलतो. त्याच्या पुढे, बाजूला आणि खाली टेप लावायची, फक्त मागची बाजू इपॉक्सीला टेकू द्यायची. ते केलं. इपॉक्सी चिकटू नये म्हणून स्टीलला बुटाचं पॉलिश चोपडलं, तेही केलं. मुलीची खेळण्यातली माती भोकांत भरली, पण ट्रिगरच्या पिनेचं एक भोक राहिलं. इपॉक्सी आत शिरली आणि दुसऱ्या दिवशी ॲक्शन निघेना. रात्रभर रायफल कुलूपबंद, थंडगार गॅरेजमध्ये ठेवली. ओहायोतल्या जानेवारीने अब्रू राखली. सकाळी रबरी हातोडीच्या चार टिचक्यांनी 'टक' करून सुटली.

पैशांचं तुमचं गणित बरोबर आहे. एवढ्यात टिक्का कंपनीची चांगली रायफल आली असती.

आता माझा प्रश्न. तुम्ही विचारलंत, "डायल लावून बघितलं का?" नव्हतं बघितलं. डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) मागवला. मॅग्नेट बॅरलवर, काटा स्टॉकच्या पुढच्या टोकावर. ॲक्शन स्टॉकला आवळणारे दोन्ही स्क्रू ६५ इंच-पौंडांवर, म्हणजे सात न्यूटन-मीटरच्या थोडं वर आवळलेले. पुढचा सोडला तर काटा ०.०२ मिलिमीटर हलतो. मागचा सोडला तर ०.०७. इथले लोक ०.०५ च्या आत हवं म्हणतात. ॲक्शनच्या शेपटीला, कुठे टेकते ते कळावं म्हणून, खुणेचा निळा रंग लावून बसवली, तर डाग फक्त डाव्या बाजूला उठतोय. उजवीकडे खरवडून पुन्हा इपॉक्सी भरू, की मागचा सगळाच भाग काढून नव्याने करू?