तुरटीचं पाणी पाजून बॅटरी उठत नाही, भो

केळीची पानं उन्हानं करपायला लागली, की आमच्या जळगावकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. "कारची बॅटरी मेली म्हणून भंगारात देऊ नका. जुनं ॲसिड ओतून द्या, कोमट पाण्यात तुरटी विरघळवून भरा, रात्रभर घरच्या इन्व्हर्टरवर लावा, सकाळी बॅटरी नवी. नाहीतर धक्का मारून गाडी चालू करा आणि अर्धा तास फिरवा. दुकानदार हे सांगणार नाही!" ते शेवटचं वाक्य वाचलं, की लोक डोळे झाकून पुढे पाठवतात.

पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. उतरलेली प्रत्येक बॅटरी मेलेली नसते, आणि नुसता मीटर टेकवून "गेली" म्हणणारे दुकानदार मीही पाहिलेत. पुढचं मात्र पटत नाही.

आधी तुरटी. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडातलं सल्फेट आतल्या शिशाच्या प्लेटांवर जाऊन बसतं. ताजं असतं तेव्हा त्याचे कण बारीक असतात, चार्जिंगला लावलं की ते सुटून परत ॲसिडात येतात. पण बॅटरी तशीच उतरलेली आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर त्याच कणांचे टणक खडे होतात, आणि उन्हाळ्यात हे काम जास्तच झपाट्यानं होतं. आता तुरटी म्हणजे काय? पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. तुरटीऐवजी काही जण एप्सम मीठ सांगतात, ते मॅग्नेशियमचं सल्फेट. सल्फेटनं बसलेल्या बॅटरीला वरून आणखी सल्फेट! प्लेटांवरचे खडे त्यानं विरघळत नाहीत.

मग काहींची गाडी सुरू झाली ती कशी? रात्रभराच्या चार्जिंगनं. तुरटी टाकली नसती तरी झालीच असती. शिवाय चार्जरवरून काढल्या काढल्या मीटर 13 च्या वर दाखवतो, आणि माणूस त्याचाच फोटो काढून ग्रुपवर टाकतो. तो आकडा वरवरचा असतो. बॅटरी बारा तास नुसती ठेवा आणि मग मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास टिकली तर चार्जिंग भरलंय. 12 च्या खाली घसरली तर चार्जिंग तरी अपुरं, नाहीतर आतल्या सहा सेलांपैकी, म्हणजे कप्प्यांपैकी, एखादा गेलाय.

ॲसिड ओतून देणं म्हणजे तर नुसतं नुकसान. उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड आधीच पातळ झालेलं असतं, कारण त्यातलं बरंचसं प्लेटांवर अडकलेलं असतं. उरलंसुरलंही तुम्ही फेकता. बॅटरी उलटी करताना तळाचा गाळ हलून प्लेटांमध्ये अडकला, तर सेल शॉर्ट. आणि ते शिसं मिसळलेलं ॲसिड ओतणार कुठे, गटारीत की बांधावर? पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड पाणी घालायचं, आणि तेही चार्जिंगच्या आधी प्लेटा बुडतील इतकंच. आपलं बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटांना मारतात. नव्या सीलबंद बॅटऱ्यांना तर झाकणंच नसतात. ड्रिलनं भोकं पाडणारे महाभागही आहेत, असो.

इन्व्हर्टरची युक्ती आपल्याकडे सहज सुचते, लाइटीच्या कृपेनं तो घरोघरी आहे. पण तो 150 अँपिअर-तासाच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) मोठ्या बॅटरीसाठी बनवलेला, 10 ते 15 अँपिअर करंट ढकलणारा. छोट्या कारची बॅटरी साधारण 35 ची. तिला दहावा हिस्सा, म्हणजे साडेतीन अँपिअर पुरे, आणि तळाला गेलेली असेल तर एक-दोनच. जास्त रेटलं की ती तापते, उकळते आणि हायड्रोजन सोडते. हवेत हा गॅस 4 टक्के झाला तरी ठिणगीनं पेटतो. बऱ्याच घरांत इन्व्हर्टर हॉलमध्ये असतो आणि पलीकडेच देवघरात समई. मे महिन्यात 45 अंशांत चार्जिंग करायचंच, तर रात्री, ओट्यावर मोकळ्या हवेत करा.

धक्क्याचं थोडक्यात सांगतो. बॅटरी तळाला असेल तर आजच्या गाडीचा कॉम्प्युटर आणि पेट्रोलचा पंपच जागे होत नाहीत. ढकलून ढकलून दम लागेल. झालीच चालू, तरी अर्ध्या तासात बॅटरी भरत नाही, आणि आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, मात्र भाजून निघतो.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे दिवस. बॅटरी किती खाली गेली, त्याहून ती तशी किती दिवस पडून राहिली हे आधी विचारायचं. माझी एकदा भुसावळ स्टेशनच्या पार्किंगमध्ये रात्रभर लाइट चालू राहून 6 व्होल्टवर आली होती. त्याच दिवशी दोन अँपिअरवर लावली, पुरे चोवीस तास. नंतर दोन वर्षं चालली.

शेजारच्या काकांची गोष्ट वेगळी. एप्रिल-मे मुलाकडे पुण्याला, गाडी इकडे अंगणात. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म मिळून 30 मिलिअँपिअर खातात. महिन्याला 21 अँपिअर-तास झाले. दोन महिन्यांत 35 ची बॅटरी कोरडीठाक. मी मीटर लावला तेव्हा 4 व्होल्ट. माझ्या ऑटोमॅटिक चार्जरनं तिला बॅटरी मानायलाच नकार दिला, म्हणून जुना साधा चार्जर काढला. पहिले काही तास काटा हललाच नाही, मग हळूहळू करंट घ्यायला लागली. काका म्हणाले, "घे, उठली!" तीन रात्री दीड अँपिअरवर ठेवली, हात लावून गरम होते का ते बघत. चौथ्या दिवशी हायड्रोमीटर घातला, म्हणजे ॲसिड किती दाट आहे ते मोजणारी नळी; आकडा जितका मोठा तितका सेल भरलेला. पाच सेल 1.230 च्या आसपास, सहावा 1.110 वर ठाम. सेल्फ मारला तसे व्होल्ट 8 वर आले आणि नुसती कटकट.

काकांनी तुरटीचा खडा आणूनच ठेवला होता. तो न बोलता आत नेऊन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी दुकानात देऊन नवीत पैसे वळते करून घेतले.