सगळं एकाच वायरवर

"आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे," असा मेसेज काल दुपारी आला, तेव्हा आमचा टीव्ही बंद होता, नेट बंद होतं, लँडलाइन बंद होती आणि भिंतीवरच्या पांढऱ्या डबीतला 'लॉस' नावाचा लाल दिवा उघडमीट करत होता. समाधान कुणाचं झालं, ते मेसेजात लिहिलेलं नव्हतं.

दिवाळीत केबलवाल्यानंच गळ घातली होती. टीव्ही, नेट, फोन, वर चार-पाच ओटीटी. वायर एक, बिल एक, कटकट नाही. महिना सहाशे, जीएसटी धरून ७०८. परवा उसाच्या एका ट्रॉलीनं ती एक वायर उसाच्या शेंड्यांसकट कारखान्याच्या दिशेनं ओढत नेली. हेल्पलाइनवरची मुलगी फार गोड बोलली. आमचा माणूस तुम्हाला तुमच्या रजिस्टर नंबरवर फोन करेल, म्हणाली. रजिस्टर नंबर म्हणजे तीच लँडलाइन.

म्हणून केबलच्या ऑफिसात गेलो. कराडात अशी ऑफिसं बहुधा पिठाच्या गिरणीच्या वर असतात, हेही होतं. माझ्या आधी नंबर एका आजींचा. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत टॉवेलात तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला सेट-टॉप बॉक्स, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि वर रबर.

"आजी, बॉक्स चांगलाय. पॅक संपलाय," काउंटरवरचा पोरगा म्हणाला.

"संपल कसा? मी तर दोनच चॅनेलं बघते. बाकीची तशीच नवीकोरी पडल्यात की. त्यातली दे."

पोरगा गडबडला. "न बघितलेली शिल्लक राहत नाहीत, आजी."

"मग जात्यात कुठं? तू बघतोस?"

त्यानं मोबाइलवर हिशेब दाखवला. चॅनेलचे पैसे नंतर. आधी नुसत्या जोडणीचे १३०, त्यावर टॅक्स, झाले १५३ रुपये ४० पैसे.

"चाळीस पैशे? दाव बरं मला चाळीस पैशे."

हा १३०चा आकडा ट्रायचा, म्हणजे फोन-केबलवर नजर ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा. २०१९मध्ये नवे दर आले, तेव्हा 'हवं तेच चॅनेल घ्या, त्याचेच पैसे द्या' असं सांगितलं होतं. मी भाबडेपणानं यादी घेऊन बसलोही होतो. सुटी चॅनेलं घेतली की बेरीज पॅकच्या वर जायची, त्यामुळे जग पुन्हा पॅककडेच वळलं. २०२४मध्ये १३०ची कमाल मर्यादाही काढली. आता जोडणीचे किती घ्यायचे, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

डिजिटलचंही तसंच झालं. मुंबईला २०१२च्या ऑक्टोबरअखेर बॉक्स सक्तीचा, पुण्याला २०१३च्या मार्चअखेर. आमच्यासारख्या गावांचा नंबर त्यानंतर. त्याआधी केबलवाला स्वतः शिडी घेऊन यायचा. चित्रात मुंग्या दिसत, पण मुंग्या कुणामुळे हे माहीत असायचं आणि त्याला त्याच्या घरी जाऊन शिव्या देता यायच्या. आता चॅनेल मुंबईच्या कंपनीचं, नेट तिसऱ्याच कुणाचं, खांब विजेचा, वायर तेवढी यांची. बिल मात्र एकत्र झालंय. उत्तर द्यायची वेळ आली की सगळे पुन्हा वेगळे राहायला जातात.

असो. पोरग्यानं आता आजींना नेटवाला पॅक विकायला काढला होता.

"नातू पुण्याला आहे ना? रोज व्हिडिओ कॉल करा. तोंड दिसंल."

"त्याला बोलायला येळ न्हाई. तुझ्या वायरीतनं येळ येतोय व्हय?"

"बरं, टीव्हीचाच मारू?"

"ती फुकटची छत्री हाय न्हवं सरकारची? म्हयन्याला काय द्यावं लागत न्हाई म्हणत्यात."

"फ्री डिश? त्यावर तुमची मालिका नाही दिसणार."

"तिच्यात ती सून गेले दोन म्हयने जिनाच उतरतीया. खाली आली की बघू." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय बंद पडलंय?"

"सगळंच."

"एकदम?"

"एकाच वायरवर आहे."

"आणि ही अक्कल कुणी दिली?"

मी काउंटरकडे बोट दाखवलं. आजींनी पिशवी उचलून मांडीच्या दुसऱ्या बाजूला, पोरग्यापासून लांब ठेवली.

माझा नंबर आला. पोरग्यानं मोबाइल बघितला. "सर, तुमची तक्रार क्लोज आहे. फोन केलेला, तुम्ही उचलला नाही."

"लँडलाइन त्याच तुटलेल्या वायरवर आहे."

"हां, म्हणून लागला नसंल."

"मग क्लोज कशी केली?"

"कस्टमरनं फोन उचलला नाही की सिस्टिम क्लोज करते." तो खरोखर सहानुभूतीनं बोलत होता, तेच जास्त झोंबलं. "वायर जोडायचं मशीन कोल्हापूरला गेलंय. आलं की जॉइंट मारतो. तेवढा आज रिचार्ज करून टाका सर. नाहीतर रात्री बाराला तुमचं कनेक्शन बंद होईल."

"ते बंदच आहे."

"ते बंद वेगळं सर," तो म्हणाला, आणि पावतीपुस्तक उघडलं.