टायफॉईडचं सर्टिफिकेट

'पेपर देऊन तर ये. फार तर काय, केटी लागेल.'

माझ्या मित्राने तीन वर्षांपूर्वी आपल्या मुलीला फोनवर दिलेला हा सल्ला. मित्र पुण्यात शिकलेला, आता माझ्यासारखाच न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी इथेच जन्मली. ती वसतिगृहात राहून फार्मसीच्या आधीचे विषय करत होती, आणि त्या दिवसांत तिला अंथरुणातून उठून आंघोळ करणंही जमत नव्हतं. बापाचं ऐकून ती परीक्षेला बसली. ऑर्गेनिक केमिस्ट्रीत एफ, म्हणजे नापास; फिजिक्समध्ये डी, म्हणजे कसाबसा पास. पुढच्या सेमिस्टरलाही तेच.

बापाच्या मनात काळं काहीच नव्हतं. आपल्याकडे केटी लागते आणि निघतेही. पेपर दिल्याने कुणाचं काही जात नाही, हे आपल्या पिढीच्या हाडात मुरलेलं आहे. इथे मात्र जातं. त्याच वेळी तिने डॉक्टरांचं पत्र देऊन विषय सोडले असते, तर कागदावर नुसता 'डब्ल्यू' आला असता आणि तो सरासरीत धरला गेला नसता. परीक्षा दिली म्हणून एफ आला, आणि हा एफ निघत नाही.

निघत नाही म्हणजे काय, ते सांगतो; मी इथे फार्मासिस्ट आहे, आणि तिचा फार्मसीचा अर्ज सध्या मीही पाहतोय. फार्म डी या, फार्मासिस्ट व्हायला लागणाऱ्या पदवीचे बहुतेक अर्ज फार्मकॅस नावाच्या एकाच ऑनलाइन खिडकीतून जातात. तुमच्या विद्यापीठाने जुना एफ माफ केला तरी ही खिडकी माफ करत नाही. विषय पुन्हा करून ए मिळवला तर एफचा शून्य आणि एचे चार, दोन्ही मोजले जातात; हाती उरतो दोन, म्हणजे सी. मुलीचे पहिले ३० क्रेडिट चारपैकी ३.५ चे होते, आजारातले ३० क्रेडिट १.३ चे. सरासरी २.४. त्यानंतर ती औषधं घेऊन, उपचार घेऊन उभी राहिली आणि दीड वर्षात ४५ क्रेडिट ३.७ ने केले. आज तिची सरासरी किती? २.९६. तीनसुद्धा नाही. दोन सेमिस्टरच्या आजाराचं व्याज असं चढतं.

आता तिकडचा हिशोब पाहा. महाराष्ट्रात बी. फार्मला जायचं तर खुल्या गटात बारावीला विज्ञानात ४५ टक्के आणि सीईटी. सीईटी पुन्हा देता येते, आणि मधल्या वर्षी तुम्ही काय केलंत याची गुणवत्ता यादीला फिकीर नसते. एका दिवसाच्या परीक्षेवर आयुष्य ठरवणं क्रूर आहे, हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण त्या क्रूरपणात एक विसराळूपणा आहे, आणि आजारातून उठलेल्या पोरासाठी तो वरदान ठरतो, हे मला या मुलीचा अर्ज पाहताना पहिल्यांदा कळलं.

मात्र आपली व्यवस्था मार्क विसरली तरी मधलं रिकामं वर्ष विसरत नाही. त्या वर्षाचं गॅप सर्टिफिकेट, म्हणजे वर्ष का रिकामं गेलं याचं शपथपत्र, मागितलं जातं.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९५ साली, बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी अकरा महिने सांगलीला घरी पडून होतो. भूक नाही, झोप नाही, पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसायची. मिरजेच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं ते आईने पुन्हा कधी उच्चारलं नाही. कॉलेजात परत जायची वेळ आली तेव्हा वडिलांनी स्टॅम्प पेपर आणला आणि ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांनी दाखला दिला: टायफॉईड, त्यानंतर अशक्तपणा. मी सही केली. माझ्या पहिल्या शपथपत्रातलं पहिलंच विधान खोटं. कॉलेजातल्या कारकुनाने वाचून 'दूषित पाणी हो, दुसरं काय' असं सहानुभूतीने म्हटलं होतं. १९९८ला मी पास झालो आणि ते वर्ष जगाच्या लेखी टायफॉईडचंच राहिलं.

(अमेरिकेत आलो तोही अशाच एका फटीतून. भारतातली चार वर्षांची बी. फार्म २००३च्या आधीची असेल तरच इथल्या परवान्याच्या समकक्षता परीक्षेला चालते. नंतरच्यांना पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. एखादं वर्ष आणखी उलटसुलट झालं असतं तर वेगळंच काही घडलं असतं, पण ते असो.)

कारण विचारण्याच्या बाबतीत इथे उलट आहे. १९७३च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ प्रमाणे, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला प्रवेशाआधी सहसा 'तुम्हाला काही अपंगत्व आहे का' असं विचारता येत नाही, आणि मानसिक आजारही त्यात मोडतो. विचारता येत नाही, पण तुम्हाला सांगावंसं वाटलं तर पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निवेदनात, जागा आहे. म्हणजे खरं बोलायची मुभा आहे, पण मार्कांना विस्मरण नाही. तिकडे मार्कांना विस्मरण आहे आणि खऱ्याला जागा नाही. मला दोन्हींची अर्धी-अर्धी व्यवस्था हवी आहे. ती कुठल्याच देशात मिळत नाही.

अमेरिकेचं गुणगान करायचं नाही म्हणून हेही लिहितो. गेल्या दशकात इथे फार्मसीला जाणाऱ्यांची संख्या घटली, आणि कॉलेजं मात्र वाढवून ठेवली होती. पीकॅट ही प्रवेशपरीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंदच झाली. आज २.९ वाल्यांचेही अर्ज वाचले जातात त्यात करुणा किती आणि रिकाम्या खुर्च्या किती, हे तोलून पाहावं. फी प्रचंड, कर्ज त्याहून मोठं, आणि शेवटी नॅपलेक्स ही परवान्याची परीक्षा उभीच असते. प्रत्येक कॉलेजला आपले नॅपलेक्सचे निकाल जाहीर करावे लागतात. मुलीला मी पहिलं तेच पाहायला लावलं. जे कॉलेज घ्यायला फार उतावीळ आहे, त्याचे निकाल आधी बघ.

गावाकडे सध्या वेगळाच वाद पेटलाय. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले. त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा असं आहे. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एका काकांचं म्हणणं, आमच्या वेळी बापाचा पट्टा हाच समुपदेशक. मी त्यांना आकडा पाठवला: २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यात १,७६४ सह महाराष्ट्र पहिला. काकांनी नमस्काराची खूण पाठवली. बोलणं तिथेच खुंटलं.

माझी धाकटी बहीण सोलापूरकडे एका कॉलेजात शिकवते. तिचा मुद्दा मला जास्त पटतो. ती म्हणाली, 'दादा, समुपदेशक नेमतील रे. खोली प्राचार्यांच्या शेजारी देतील. कोण जाणार तिथे?' माझं मागणं त्याहूनही क्षुल्लक आहे: गॅपच्या कागदावरचं कारण काढून टाका. वर्ष रिकामं होतं एवढं पुरे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपली माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. मग सतरा-अठरा वर्षांच्या पोराने प्रवेशाच्या रांगेत एक तर आजार उघड करायचा नाही तर टायफॉईड शोधायचा, हा पेच कशासाठी?

परवा मुलीने स्टेटमेंटचा मसुदा पाठवला. चांगला होता. आजाराला तीन ओळी, बाकी सगळं त्यानंतरचं: औषधाच्या दुकानात टेक्निशियन म्हणून केलेलं काम, पुन्हा केलेली ऑर्गेनिक केमिस्ट्री. इथे असंच लिहावं. रडगाणं नको आणि लपवाछपवीही नको. मी दिवसभर काउंटरवर नैराश्यावरच्या एसिटॅलोप्रामच्या बाटल्या भरतो, त्या न्यायला शिक्षिका येतात, पोलीस येतात, माझ्याच ओळखीचे मराठी लोक येतात. स्वतः ही गोळी घेतलेली फार्मासिस्ट समोर असेल तर त्यांचं नुकसान होणार नाही, झाला तर फायदाच.

पण संध्याकाळी तोच मसुदा मित्राकडून आला. तिसऱ्या ओळीतलं 'डिप्रेशन' खोडलेलं, तिथे 'थायरॉईडचा त्रास'. खाली टीप: 'जरा सभ्य केलंय, बघ.'

मी त्याला फोन लावला. तीस वर्षांची मैत्री, पण सांगलीचं ते वर्ष त्यालाही टायफॉईड म्हणूनच माहीत होतं. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, 'म्हणजे शपथपत्र खोटं होतं?'

'हो.'

'आणि आता काय लिहायचं म्हणतोस?'

'मी नाही म्हणत. पोरीने लिहिलंय ते.'