केळ्यातला करंट

सावद्यात मापात न बसलेली केळी गुरांपुढे टाकतात. त्या गावात परवापासून मी 'म्हाताऱ्याला एक केळं न देणारा माणूस' झालोय.

चिरंजीवांना शाळेतून प्रकल्प: फळापासून वीज. लिंबू उत्तम, पण उन्हाळ्यात लिंबाचा भाव ऐकूनच झटका बसतो. म्हणून चार केळी घेतली, प्रत्येकात एक जस्ती खिळा, एक तांब्याची तार, आणि साखळी जोडली. एका केळ्याला एक व्होल्टही धड नाही; लाल एलईडी दिव्याला दोनच्या आसपास लागतात.

तेवढ्यात शेजारचे तात्या आले. निवृत्त वायरमन.

"काय करू राह्यला रे?"

"वीज, तात्या."

"केळाची?" त्यांनी खुर्चीच ओढली. "मंग यात झिजतं काय?"

"खिळ्यावरचं जस्त. केळं नुसतं मधे."

"म्हंजे राबे जस्त आन् नाव केळाचं. आमचा साहेब असाच होता."

मग साहेबाची जीप, साहेबाची बदली, खांबावर तात्या आणि खाली सावलीत साहेब. हे पुराण संपेतो तारा धरून माझी बोटं वाकडी झाली.

"पंखा फिरीन का यावर?"

पंख्याला 75 वॅट. केळ्याचा एक मिलिवॅटसुद्धा निघत नाही. "ट्रकभर केळी लागतील, तात्या."

"ट्रकभर केळी दिल्लीले पाठोली तं जनरेटर येते!"

दिवा लागलाय असं पोरगं शपथेवर सांगत होतं. मला काही दिसेना. इतक्यात लाइट गेली आणि टेबलावर लाल ठिपका दिसला.

"खरी गेली तवा तुही दिसली," तात्या म्हणाले.

हसू आलं, पण किती हसायचं? तिकडे भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धूर सोडतात आणि इकडे 44 अंशांत आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतो. बिल मात्र एकदाही जात नाही. ते वेळेवर येतं, स्थिर आकारासकट.

ठिपका विझला. अंधारात तात्यांनी खिळा उपसून केळं सोललं होतं.

"तात्या, नका! जस्त उतरलंय त्यात!" मी हिसकावलंच.

तात्या उठले, चपला शोधल्या, गेले. सकाळी दूधवाल्यानं विचारलं, "भाऊ, केळं नाही दिलं म्हने?" त्याला विद्युत-रसायनशास्त्र समजावत बसलो असतो तर दूध नासलं असतं.

प्रकल्प तीन केळ्यांवर शाळेत गेला. भर उजेडात दिवा कुणालाच दिसला नाही. पहिला नंबर थर्माकोलच्या ज्वालामुखीला. आमच्या वहीत लाल शाईनं शेरा: 'पालकांनी अधिक लक्ष द्यावे.'