दळण आणि शेवटचा भाग

गेल्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आमची मालिका गेली. मी तेव्हा गिरणीत होतो.

आमची म्हणजे आईची. मी मालिका बघत नाही. रात्री साडेआठला हॉलमध्ये पेपर घेऊन बसतो आणि तो पेपर सकाळीच वाचून झालेला असतो, इतकंच. तर ही साडेआठची मालिका दोन महिन्यांपूर्वी वाहिनीने उचलून संध्याकाळी सहाला टाकली. पडद्याच्या खाली 'नव्या वेळेत, पुन्हा तुमच्या भेटीला' अशी पट्टी फिरायला लागली तेव्हाच आईने ओळखलं. साडेआठवरून सहाला म्हणजे पेशंटला आयसीयूत हलवल्यासारखं असतं, नातेवाइकांनी समजून घ्यायचं. शिवाय सहाला आमच्याकडे नळाचं पाणी येतं. नायिकेची स्मृती परत यायला आणि आमचं पाणी यायला एकच वेळ पडायला लागली. पिंप भरून येईतो नायिका पुन्हा सगळं विसरलेली असायची.

शेवटचा भाग शनिवारी, हे शुक्रवारी कळलं. शनिवारी साडेपाचला आईने दळणाचा डबा हातात दिला. म्हटलं, जाऊन येऊन अर्धा तास. पण गिरणीवाल्याने ज्वारी लावली होती. ज्वारी संपल्याशिवाय गहू नाही आणि ज्वारीचे डबे चार. तिथे एक काका उभे होते. त्यांच्या स्टीलच्या डब्यावर 'कै. माईंच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं होतं, म्हणून आपण त्यांना स्मरणार्थ काका म्हणू. मी तिसऱ्यांदा घड्याळ बघितल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी पकडायचीय का?"

मी खरं ते सांगून टाकलं. आईच्या नावावर, अर्थात.

काका जवळ सरकले. गिरणी घरघरत होती, त्यामुळे गुपित सांगायलाही त्यांना ओरडावं लागत होतं. "ती मालिका होय! ती जाणारच होती!" "का?" "आम्ही बघायचं सोडलं ना!" "तुम्ही सोडलं म्हणून?" काकांनी तोंडाला हाताचा आडोसा केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "कुणाला सांगू नका, आमच्याकडे मीटर बसवलंय!" नेमक्या त्याच क्षणी गिरणीवाल्याने पट्टा थांबवला. ते गुपित गिरणीभर, समोरच्या वाण्याकडे आणि बहुधा रिक्षास्टँडपर्यंत ऐकू गेलं. गिरणीवाला पांढऱ्या भुवया वर करून म्हणाला, "नवीन स्मार्ट मीटर ना? बिल डबल येतं."

"लाइटचं नाही हो, टीआरपीचं, कोण काय बघतं ते मोजायचं," काका आता साध्या आवाजात म्हणाले. गुपित फुटलंच होतं, मग त्यांनी आखो देखा हाल सांगितला. टीव्हीला एक डबी जोडलेली असते. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं रिमोटवर एकेक बटण असतं. जो टीव्हीसमोर बसेल त्याने आपलं बटण दाबायचं. "पण घरात टीव्ही बघतं कोण? मुलगा, सून मोबाइलवर. मग सगळ्यांची बटणं मीच दाबतो. अण्णा गावाला गेलेत, त्यांचंही दाबतो. उगाच त्यांचं मत वाया कशाला घालवायचं?"

"आणि तुम्ही काय बघता?"

"मी? मला कुठे वेळ. आमच्या ब्राउनीला एकटं ठेवलं की भुंकते, म्हणून टीव्ही चालू ठेवून जातो. तुमची ती मालिका लागली की तिच्यातली सासू बोलायला लागायची आणि ब्राउनी सोफ्याखाली जायची. शेवटी चॅनल बदललं."

देशात एकवीस कोटींच्या आसपास घरांत टीव्ही आहे आणि ही मीटरं बसलीत पन्नासेक हजार घरांत, हे मी वाचलेलं होतं. दर गुरुवारी आकडे येतात आणि कोण जगणार, कोण मरणार ते ठरतं, हेही. पण त्या पन्नास हजारांत एक पॉमेरियन असेल हे कुठे छापून आलं नव्हतं. काका थापा मारत असतीलही. ज्याच्या घरी मीटर आहे त्याने ते कुणाला सांगायचं नसतं, असा नियम आहे, आणि हे गृहस्थ तर गव्हाच्या रांगेत सांगत होते. पण मला त्यांचा राग आला तो आलाच. आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आठ महिने एक भाग चुकवला नाही, डोळ्याच्या ऑपरेशननंतर पट्टी होती तेव्हा नुसतं ऐकून काढली. तिचं बटण कुठे आहे?

पूर्वी बरं होतं. दूरदर्शनवर मालिका तेरा भागांची असायची, तेरावा झाला की सगळे मोकळे. नंतर रोजच्या मालिका आल्या. 'चार दिवस सासूचे' 2001 ला सुरू झाली आणि 2013 ला संपली, तीन हजारांवर भाग. माझं लग्न, मुलीचा जन्म आणि तिची चौथी एवढं सगळं त्या एका मालिकेत उरकलं. आणि प्रेक्षकाचा वट म्हणाल तर तो 1988 साली होता. 'रामायण' लवकुशांपर्यंत न पोचताच संपतंय म्हटल्यावर जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. कचऱ्याचे ढीग लागले, संप दुसऱ्या शहरांतही पसरला आणि लवकुशांना पडद्यावर यावं लागलं. आम्ही काय करणार? आमच्या सोसायटीचा कचरा तसाही दोन दिवसांआड उचलतात. संप केला तरी कुणाच्या लक्षात यायचा नाही.

बरं, संपवा. पण धड संपवा की. आठ महिने ज्या गाठी घातल्या त्या पाच दिवसांत दातांनी सोडवायच्या? सोमवारी खलनायिकेला पश्चात्ताप झाला, मंगळवारी परागंदा दीर परत आला, बुधवारी कोर्टाचा निकाल लागला. आमच्या घरचा जागेचा दावा सतरा वर्षं चालू आहे. आणि जिन्याखालच्या कपाटात सासऱ्यांनी ठेवलेलं ते पत्र! पहिल्या आठवड्यापासून ते कपाट दाखवत होते. नायिका हात लावायला गेली की फोन वाजायचा. मी त्या एका पत्रासाठी पेपर धरून बसत होतो. म्हणजे आई बसत होती.

सहा चाळीसला माझा डबा लागला. "जाड की बारीक?" गिरणीवाल्याने विचारलं. मी काय उत्तर दिलं देव जाणे. काकांनी जाताना खांद्यावर हात ठेवला. "नवीन कुठली धरणार असाल तर आधी सांगा. ब्राउनीला दाखवून बघतो." आणि मी, लाज वाटते सांगायला, त्यांचा नंबर घेतला.

घरी आलो तर टीव्ही बंद. आई निरांजनात वात घालत होती.

"संपली?"

"संपली. सगळे हॉलमध्ये ओळीने उभे राहिले आणि हात जोडले."

"आणि पत्र?"

"कसलं पत्र?"

"जिन्याखालच्या कपाटातलं!"

"ते राहिलंच वाटतं," आई म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडून तिने चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. "हे असं जाड का आणलंस? याच्या पोळ्या कशा लाटू?"